गोड लाकूड

माझी लेक महिन्याची होती तेव्हापासून ज्येष्ठमध तिच्या ओळखीचं. सासूबाई सहाण धुऊन घ्यायच्या, त्यावर माझ्याच दुधाचे चार थेंब टाकायच्या आणि गुटीच्या डब्यातली एकेक काडी काढून वेढे मोजत उगाळायच्या. हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा अर्धा, मुरुडशेंगेचा एक, सुंठ नुसती टेकवायची. ज्येष्ठमधाचे मात्र तीन. "ह्याच्या गोडीवर बाकीचं कडू खपतंय," असं त्या म्हणायच्या. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असं डॉक्टर सांगतात ते आता मला पटतं. तेव्हा आमच्या घरात गुटीबद्दल कुणी कुणाला विचारत नसे. बाळ जन्मलं की पाळणा बांधायचा आणि सहाण काढायची.

पुढं आठ वर्षांनी ज्येष्ठमध म्हणूनच एक खाऊ घरात आला, तेव्हाही कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

लेक सहा वर्षांची होईपर्यंत तिला काय झालंय ते कळलं नव्हतं. शाळेत उंचीप्रमाणं रांग लावली की ही पहिली. पोट पुढं आलेलं, हातपाय काटकुळे, दुपारी शाळेतून आली की दप्तरासकट आडवी व्हायची. हिमोग्लोबिन सातावर आलं. लोहाच्या बाटल्या संपवल्या, जंताचं औषध दोनदा झालं, "आईबापाची चणच तसली" हेही ऐकून झालं. मिरज म्हणजे आमच्याकडं दवाखान्यांचं गाव, तिथल्या एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "पोळी किती खाते?" मला वाटलं, कमी खाते म्हणून रागावतील. त्यांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली, टीटीजी नावाची, आणि बजावलं की निदान होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर तपासणी खोटी येईल. मग तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. सिलिअ‍ॅक.

ते डॉक्टर समजावून सांगणारे होते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनावर या आजारात शरीर स्वतःच उलटतं, आणि त्या भांडणात ही मखमल झिजून सपाट होते. मग लोह दिलं काय आणि दूध दिलं काय, धरून ठेवायला आत काही उरत नाही. याला औषध नाही. गहू सोडायचा, आयुष्यभर सोडायचा, आणि पूर्ण सोडायचा. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला हा आजार असतो. आपल्याकडं त्याहून कमी दिसतो, म्हणून तो लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पूर्ण म्हणजे किती, हे कळायला मला वर्ष गेलं. मैद्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे शंभर मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. रोज पन्नास मिलिग्रॅम काही महिने पोटात गेलं, तरी आतड्यावर त्याची खूण उमटते. म्हणजे अर्धा ग्रॅम पीठ. चिमटीत मावेल एवढं. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थाला आपल्या देशातही किलोला वीस मिलिग्रॅमची मर्यादा घालून दिलेली आहे ती यासाठीच.

सांगलीत राहतो हे आमचं नशीब, असं मी अजूनही मानते. जतकडच्या शाळूची भाकरी इथं कुणाला पथ्य वाटत नाही, ते रोजचं जेवण आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, सगळं तिला चालतं. पण कोपऱ्यावरच्या गिरणीत आमच्या शाळूच्या आधी कुणाचे तरी गहू पडलेले असायचे, आणि जात्यातून पहिलं पीठ निघतं ते मागच्याचं असतं. गिरणीवाल्या काकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आठवड्यातून एक दिवस सकाळी गिरणी झाडून पुसून आमचं दळण पहिलं घ्यायची तयारी दाखवली, आणि ते सहा महिने घेतलंही. तरी हवेत उडणाऱ्या पिठाचं काय करणार? शेवटी घरघंटी आणली. तिच्यात आजतागायत गव्हाचा दाणा पडलेला नाही.

मेतकुटाची गोष्ट मात्र मला अजून टोचते. निदान झाल्यावर पहिले दोन महिने तिला पोळी बंद, बिस्किटं बंद, शेवया बंद. आणि पोट दुखलं की मी तिला मऊ भात, तूप, मेतकूट कालवून द्यायची. आजारी माणसाला आपण दुसरं काय देतो? मेतकुटात डाळी आणि तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घालतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी स्वतः घालत आले होते. पण "मेतकूट" म्हटलं की डोळ्यासमोर पथ्य येतं, गहू येत नाही. एका दुपारी सासूबाईच ताट बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, ह्यात गहू हाईत की." त्या दिवशी मी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले. हिंगाची डबी हातात आली. मागं बारीक अक्षरात घटक लिहिलेले होते: खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. हिंग शेवटी. फोडणीच्या प्रत्येक आमटीत तो गेला होता. आता आम्ही तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आणतो, किंवा खडा आणून घरी कुटतो. सांगलीचं भडंग तर तिचा जीव की प्राण, तेही घरी करते. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, आणि गहू न घातलेलं वेगळं मेतकूट.

एवढं सगळं शिकून झाल्यावर ती दिवाळी आली.

माझ्या नणंदबाई, मी त्यांना वन्सं म्हणते, नेदरलँड्समध्ये राहतात. चार वर्षांनी त्या घरी आल्या होत्या. भाचीला गहू चालत नाही हे त्यांना पाठ होतं. विमानतळावरच्या चॉकलेटांना त्यांनी हात लावला नव्हता, कारण त्यात काय असेल सांगता येत नाही. मुद्दाम शोधून आणलं ते एक पाकीट: आत काळ्याभोर, चकचकीत, लांबच लांब दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या. बाहेर ज्येष्ठमधाच्या काडीचं चित्र. "आई, हे बघ, आपलं ज्येष्ठमध," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "तिकडं पोरं ह्याच्याच गोळ्या खातात. औषधी आहे, हिला चालेल." सासूबाईंनी एक दोरी नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा फुलला. वास तोच, सहाणेवरचा. लेकीनं दोरीचं एक टोक दातात धरून दुसरं ओढलं. ती रबरासारखी ताणली गेली, तुटली नाही. "आई, ही नाडी आहे नाडी!" असं ओरडत ती अंगणात पळाली.

पाच दिवसांत तिनं अर्ध्याहून जास्त पाकीट संपवलं. तिला खाता येईल असा, बाहेरगावाहून आलेला, दुकानातला, चमचमीत वेष्टनातला खाऊ गेल्या दोन वर्षांत घरात आलाच नव्हता. तिच्या हातातून तो काढून घेऊन वाचायची मला इच्छा झाली नाही. हे मी आज स्पष्ट लिहिते. पाकीट माझ्याही हातात होतं. मी ते उलटं केलं, परकी भाषा दिसली आणि परत ठेवलं. ज्येष्ठमधाला कसली तपासणी लावायची, हा विचार माझ्याही मनात होताच.

भाऊबीजेच्या रात्री उलट्या सुरू झाल्या. मग पोट. मग पुन्हा तो दुपारचा थकवा, जो आम्ही विसरलो होतो. फराळाचं सगळं मी स्वतः केलेलं, तांदळाच्या आणि डाळीच्या पिठाचं. मी घरातलं तेल बदललं, भांडी पुन्हा उकळली, शेजारून आलेल्या ताटाचा संशय घेतला. तिसऱ्या दिवशी वन्संनी ते पाकीट कचऱ्याच्या डब्यातून काढलं आणि मागची बाजू उजेडात धरली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टार्वेब्लूम. वहिनी, टार्वे म्हणजे गहू. मी रोज ब्रेड घेते गं तिकडं, मला हा शब्द येतो."

तो शब्द ठळक अक्षरात छापलेला होता. युरोपात तसा नियमच आहे. ज्या घटकांची अ‍ॅलर्जी होते ते यादीत उठून दिसले पाहिजेत. छापणाऱ्यानं त्याचं काम चोख केलं होतं. वाचता येणाऱ्या माणसानं पाकीट उलटं केलं नाही, आणि जिनं उलटं केलं तिला वाचता आलं नाही.

नंतर मी या गोळ्यांच्या मागंच लागले. घरातलं कुणी आजारी पडलं की आपण त्या कारणाशी बोलत बसतो, तसं. ज्येष्ठमध म्हणजे एका शेंगावर्गीय झुडपाचं मूळ. हरभरा, भुईमूग यांच्या कुळातलं. धान्याशी त्याचं काही नातं नाही आणि त्यात ग्लूटेन असायचं कारणच नाही. संस्कृतात यष्टीमधु, म्हणजे गोड काठी. डच भाषेत त्याला झूटहाउट म्हणतात, म्हणजे गोड लाकूड, आणि तिकडची मुलंही ती काडी नुसती चघळतात, हे वन्संनीच सांगितलं. त्यातल्या ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्याची गोडी साखरेच्या तीस ते पन्नास पट असते. सासूबाईंचे ते तीन वेढे पुरत होते ते उगीच नाही.

या मुळांचा अर्क काढायचा, तो साखर आणि काकवीसारख्या काळ्या पाकात घालायचा, आणि त्याला आकार द्यायचा. गोम आकारातच आहे. पाक नुसता आटवला तर तो चिक्कीसारखा कडक होईल किंवा ताटलीत पसरेल. दोरीसारखा ओढायचा, वेटोळं करायचं, दातांना मऊ पण चिवट लागलं पाहिजे, तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं. ते काम मैदा करतो. पाकात मैदा शिजवून लगदा करतात आणि चकलीच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून दोऱ्या काढतात. त्या दोऱ्यांत मैदा चवीपुरता नसतो, साखरेच्या खालोखाल पुष्कळदा त्याचाच नंबर असतो. लेक "नाडी" म्हणून जी ताणत होती तिच्या चिवटपणात गव्हाचा मोठा वाटा होता.

अमेरिकेत लाल रंगाच्या अशाच दोऱ्या मिळतात. त्यांना नाव ज्येष्ठमधाचं, पण पुष्कळदा आत ज्येष्ठमधाचा कणही नसतो. साखरेचा पाक, मैदा, आंबट चव आणि रंग. काळ्यांमध्येही कित्येकदा वास बडीशेपेच्या जातीच्या तेलाचा असतो. तेव्हा "ज्येष्ठमधाची गोळी ग्लूटेनमुक्त आहे का" या प्रश्नाला मूळ औषधी आहे म्हणून हो म्हणता येत नाही. सगळ्याच गोळ्यांना नाही म्हणणंही खरं नाही. नेदरलँड्समध्ये या गोळ्यांना ड्रॉप म्हणतात, आणि तिथं माणशी वर्षाला सुमारे दोन किलो ड्रॉप खातात असं सांगतात. त्यातल्या कित्येक गोळ्या बाभळीच्या जातीच्या डिंकात, जिलेटिनमध्ये किंवा मक्याच्या स्टार्चमध्ये बांधलेल्या असतात. काही खारट असतात आणि त्यात नवसागर घालतात. आपल्याकडं कल्हईवाला वापरतो तोच नवसागर. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ढोबळ मानानं, दोरी, नाडी, नळी, थरांची वडी अशा आकारात मैद्याची शक्यता फार, आणि चोखायच्या कडक किंवा रबरी गोळीत कमी. पण हा अंदाज झाला. अंदाजावर मी आता तिला काही देत नाही. जवाचं माल्टही मिठायांमध्ये घालतात. अमेरिकेच्या नियमात गव्हाचं नाव छापायची सक्ती आहे, जवाची नाही, त्यामुळं तिकडचं पाकीट असेल तर नुसता "गहू नाही" एवढ्यावर थांबता येत नाही.

यादीत आणखी एक शब्द दिसायचा आणि मी दचकायची: गव्हापासूनचा ग्लुकोज सिरप. हे कोडं मला उन्हाळ्यात कुरडयांनी सोडवून दिलं. जाऊबाई दरवर्षी कुरडया करतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळून चोथा वेगळा काढायचा, आणि पाण्यात खाली बसतो तो चीक. कोंड्याबरोबर गव्हातला चिकट, ताणला जाणारा भाग चोथ्यात बराचसा निघून जातो, आणि चीक म्हणजे मुख्यतः स्टार्च. कारखान्यात हेच फार पुढपर्यंत नेतात. स्टार्च धुऊन धुऊन शुद्ध करतात, मग त्याचे तुकडे पाडून सिरप करतात. त्यात ग्लूटेन इतकं नगण्य राहतं की युरोपच्या नियमात त्या सिरपला अ‍ॅलर्जीच्या यादीतून वगळलेलं आहे. घरच्या चिकाला मात्र ही सूट नाही. पातेल्यातल्या पाण्यानं प्रथिन पूर्ण जात नाही, म्हणून कुरडई तिला बंदच. जाऊबाईंनी एका वर्षी तिच्यासाठी तांदळाच्या केल्या. पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि तळल्यावर फुललेल्या बघून त्या स्वतःच हरखल्या.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. सौद्याच्या वेळी खरेदीदार पोत्यात हात घालतो, एक हळकुंड काढतो आणि मोडतो. मोडल्याचा आवाज ऐकतो, आतला रंग बघतो, मग भाव बोलतो. हळकुंड मोडून बघता येतं. तीच हळद दळून पुडीत गेली की तिला मोडून बघायची सोय राहत नाही. मग पुडी भरणाऱ्यावर भरवसा ठेवायचा किंवा प्रयोगशाळेत द्यायची. सतरा वर्षं मी हे रोज बघतेय आणि घरच्या खाऊला ते लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ज्येष्ठमधाची काडी मोडा, आत पिवळट तंतू दिसतील, आणखी काही नाही. पूड आणली तर ती ज्या चक्कीत दळली तिथं आधी काय दळलं होतं ते विचारायला हवं. गोळी आणली तर पूर्ण यादी वाचायला हवी. जितकी वस्तू तिच्या मूळ रूपापासून लांब गेली, तितके प्रश्न वाढतात. काष्ठौषधीच्या दुकानातून मी आता अख्ख्या काड्याच आणते, धुऊन उन्हात वाळवते आणि लागेल तेवढी घरीच कुटते.

वन्सं परत गेल्या. पहिले दोन महिने त्यांनी फोनवर माझ्याशी नीट बोलणं केलं नाही. राग नव्हता तो. लेकीची पुढची तपासणी आली, टीटीजी पुन्हा चढलेला होता, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही. यांनी सांगितलं. बहीणभावात काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण त्या रात्री वन्संचा मोठा निरोप आला. त्यांनी तिकडं काहीतरी वाचलं होतं.

सिलिअ‍ॅकला गहू कारण आहे हे ज्यांनी दाखवून दिलं ते डॉक्टर नेदरलँड्सचेच, विलेम डिके. हेग शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात ते काम करायचे. त्याआधी हा आजार वैद्यकाला माहीत होता, पण कशामुळं होतो ते कळत नव्हतं. केळ्यांवर ठेवलेली मुलं सुधारतात एवढं डॉक्टरांना दिसलं होतं. डिकेंना युद्धाच्या आधीपासून धान्याचा संशय होता. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मन ताब्यातल्या त्या देशाच्या पश्चिम भागात अन्न पोचणं बंद झालं, हजारो माणसं भुकेनं मेली, लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. आणि त्या उपासमारीत, ब्रेड मिळेनासा झाल्यावर, सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली. ब्रेड पुन्हा आला तेव्हा ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी प्रबंधात हे सगळं मांडलं. वन्संनी निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, "वहिनी, ज्या देशात हे शोधून काढलं तिथून मी पोरीला गहू आणून दिला."

मला उत्तर सुचेना. मी दुसऱ्या दिवशी लेकीला फोनवर बसवलं आणि म्हटलं, आत्याला सांग तुला त्या नाड्या आवडल्या होत्या का. ती म्हणाली, "आत्या, खूप आवडल्या होत्या. तशा गहू नसलेल्या मिळतात का?" पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं, आणि मग हसणं.

त्यातून आम्ही घरी करून बघायचं ठरवलं. शिराळ्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळातून ताजी काकवी आणली. ज्येष्ठमधाच्या काड्या ठेचून, उकळून, गाळून दाट काढा केला. पहिल्या खेपेला काकवी आणि काढा तसाच आटवला. तो ताटात असा बसला की सुरीचं टोक वाकलं. दुसऱ्यांदा तांदळाची पिठी घातली. लगदा झाला, पण खरवसासारखा कापला जायचा, ओढला की तुटायचा. तिसऱ्यांदा पिठी निम्मी आणि साबुदाण्याचं पीठ निम्मं, मंद आचेवर घोटत, तूप सुटेपर्यंत, शेवटी बडीशेपेची पूड. तूप लावलेल्या सोऱ्यात भरून शेवेच्या जाड ताटलीतून दाबलं. काळ्या, चमकत्या, बोटाएवढ्या लांबीच्या कांड्या पडल्या. फार ताणल्या जात नाहीत. गव्हाचा तो गुण गव्हाशिवाय येत नाही, हे तिन्ही खेपांना हातांनी समजलं. पण दाताखाली मऊ, थोड्या चिकट, आणि वास अगदी तोच. लेकीनं त्यांचं नाव "आजीच्या नाड्या" ठेवलं, कारण सोऱ्या सासूबाईंनी फिरवला होता.

सासूबाईंना मात्र त्यातली एकही देत नाही. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि घसा बसला की त्या ज्येष्ठमधाची काडी दाढेत धरून तासन्‌तास बसायच्या. ज्येष्ठमध रोज आणि जास्त खाल्लं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं चाळिशीपुढच्या लोकांना सांगून ठेवलंय की रोज सुमारे ५७ ग्रॅम काळ्या गोळ्या दोन आठवडे खाल्ल्या तर दवाखाना गाठायची वेळ येऊ शकते. सासूबाईंच्या डॉक्टरांनी काडी बंद करायला सांगितली तेव्हा त्या दुखावल्या. "जन्मभर दिलं आम्ही हे, तान्ह्या पोरांना दिलं," असं म्हणत राहिल्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. गुटीच्या वेढ्यात ते किती जायचं आणि दाढेतल्या काडीतून दिवसभर किती जातं, एवढं फक्त त्यांना दाखवलं. लेकीलाही मी रोज देत नाही. महिन्यातून एकदा घाणा काढते, चार दिवसांत संपतो, बस. गहू नसला की सगळं निर्धास्त, असं मानून मी एकदा चुकले आहे, मेतकुटाच्या उलट बाजूनं. आणलेली ग्लूटेनमुक्त बिस्किटं ती पोटभर खायची आणि त्यात साखरेशिवाय फारसं काही नसायचं.

ती आता दहा वर्षांची आहे. रांगेत पाचवी उभी राहते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ती दोन्ही हातात घेते, कपाळाला लावते आणि मला देते. त्यासाठी गुरुजींना किंवा यजमानांना काही सांगावं लागत नाही. उकडीच्या मोदकाच्या दिवशी मात्र ती सगळ्यांच्या आधी पाटावर.

काल रात्री साडेदहाला फोन वाजला. तिकडं संध्याकाळ असते आणि वन्सं कामावरून येताना दुकानात थांबतात. निरोपात एकही शब्द नसतो, नुसते फोटो. पाकिटाची पुढची बाजू त्या कधी काढत नाहीत. कालच्या फोटोत काळ्या गोल गोळ्यांचं पाकीट होतं, त्याची मागची बाजू, त्यांचा अंगठा, आणि यादीतल्या एकेका शब्दाखाली त्यांनी बोटानं ओढलेली लाल रेघ: साखर, ग्लुकोज सिरप, डिंक, ज्येष्ठमधाचा अर्क. ठळक काही दिसत नव्हतं. मी फोटो मोठा करून दोनदा वाचला, चष्मा लावून तिसऱ्यांदा. लेक माझ्या खांद्यावरून बघत होती. मग उत्तर लिहिलं, "वन्सं, खालचा उजवा कोपरा दुमडलाय. तो उलगडून परत पाठवा."